फौजींचं दळण आधी

सातारा जिल्ह्यात राहून ज्यानं माजी सैनिक दिसला की उठून उभं राहायचं व्रत घेतलं, त्याला या जन्मी बसायला मिळणं कठीण. आमचे साडू गेली वीस-बावीस वर्षं उभेच आहेत. मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत हे व्रत वर्षाला चार-सहा उठाबशांत पार पडलं असतं. पण साडूंचं गाव वडूजच्या अलीकडं. तिथं गल्लीतल्या तीन दारांपैकी दोन दारांवर नावाच्या आधी हुद्दा रंगवलेला असतो आणि तिसऱ्या दारातला पोरगा पहाटे उठून भरतीसाठी पळत असतो. अशा गावात चहाच्या टपरीवर बसून पहिला घोट घशाखाली जाईपर्यंत साडूंना चार वेळा उठावं लागतं. घोट घेतल्यावर कळतं की चहा गार झालाय. मग दुसरा सांगायचा आणि तो येईपर्यंत पाचवा फौजी येतो. त्यांच्या गुडघेदुखीच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात, त्यामुळं यात मी फार वाढवून सांगत नाही.

मी कोरेगावात औषधांचं दुकान चालवतो. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्यांना दिलेली, एवढाच आमचा संबंध. पण साडूपणाचं नातं असं की भावाशी जे बोलता येत नाही ते साडूशी बोलता येतं. त्यांची पिठाची गिरणी आहे. वडिलांपासून चालत आलेली, दगडाची. भुवया, मिशी, कानावरचे केस सगळं कायम पिठानं पांढरं, त्यामुळं आंघोळ केली की माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो आणि गावातले लोक त्यांना ओळखत नाहीत. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. छापून आलं तर पहिल्या गाडीनं दुकानात येतील आणि गिऱ्हाइकांसमोर भांडतील, "फौजींची छापायची सोडून माझी कशाला छापली?"

त्यांच्या आभाराची एक ठरलेली पद्धत होती. फौजी समोर आला की टोपी काढायची, टाचा जुळवायच्या आणि म्हणायचं, "सायब, तुमच्यामुळं आमी हाय." आता आपल्याकडं माजी सैनिकाशी कुणी विनाकारण गोड बोलायला लागलं की त्याला कॅन्टीनची बाटली हवी असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळं साडूंची टोपी निघायच्या आत समोरचा हात जोडायचा. "गड्या, ह्या म्हयन्याचा कोटा संपला बग." साडू म्हणायचे, बाटली नको. मग तो जरा विचार करून विचारायचा, "मग काय, मिक्सर पायजे?" साडूंनी आयुष्यात चहा-ताकापलीकडं काही प्यायलेलं नाही आणि त्यांच्या घरी मिक्सर आहे. नुसते आभार मानायला आलोय, हे पटवून देता देता त्यांचा अर्धा दिवस जायचा, आणि तरीही निम्म्या फौजींना शेवटपर्यंत वाटत राहायचं की या माणसाला कॅन्टीनमधलं नेमकं काय हवंय ते तो लाजून सांगत नाही.

फौजी ओळखण्याची पारख आपल्याला आहे, असा त्यांचा दावा. चालीवरून, दाढीवरून, चपलेची जोडी दारात कशी ठेवलीय त्यावरून ते सांगत. एकदा आम्ही दोघं वडूजहून कोरेगावला एस.टी.नं येत होतो. पुसेगावच्या अलीकडं एक माणूस चढला. हिरवी-खाकी डागाडागांची विजार, कापलेले केस, ताठ मान. साडू ताडकन उठले, टोपी काढली, जागा दिली आणि कोरेगावपर्यंत दांडीला लोंबकळत आले. तो माणूस न सांगता बसला, मांडीवर एक पिशवी घेतली आणि झोपला. स्टँडवर उतरताना साडूंनी अदबीनं विचारलं, "सायब, कुठली पलटन?" तो म्हणाला, "पलटन कसली? शेरडं हायत माझी. पंधरा." तसल्या विजारी आता आठवडी बाजारात ढिगानं मिळतात, हे मी साडूंना घरी येईपर्यंत ऐकवत होतो. ते मात्र जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "आसू द्या की पावनं. शेरडंवाला बसला म्हणून काय बिगडलं? फौजी हुबा ऱ्हायला आसता तर बिगडलं आसतं." मी चहा मागवला.

दर वेळी चहानं भागत नाही, कधीकधी निस्तरावंही लागतं. आमच्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीची व्यवस्था कुणीतरी साडूंवर सोपवली. त्यांनी लाउडस्पीकर हातात घेतला आणि जाहीर केलं, "पयल्या पंगतीला फकस्त फौजी बसतील!" अर्धा मांडव उठला आणि जेवायला बसला. दुसऱ्या पंगतीलाही उरलेले फौजीच. तिसऱ्या पंगतीत फौजींच्या मंडळी. नवरदेवाचे सख्खे मामा, ज्यांना आपल्याकडं देवाच्या खालोखाल मान, ते हात धुऊन उभे ते उभेच; त्यांची पाळी येईपर्यंत जिलेबी संपली. मामा रुसून जीपमध्ये जाऊन बसले ते दिवस कलेपर्यंत उतरेनात. सगळे साडूंवर तुटून पडले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "मामा कुठं आसत्यात?" कुणी म्हणालं, सांगलीला हळदीच्या वखारीत. "मग त्यांना रोजच येळंवर जेवान हाय की," साडू म्हणाले. हे वाक्य जीपपर्यंत ऐकू गेलं आणि मामांची समजूत काढायला आणखी एक तास लागला.

लोकांना वाटायचं, हा गडी भरतीत नापास झाला असणार आणि त्याची ही सल असणार. तसं काही नाही. साडू भरतीला कधी गेलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मी कुत्र्याला भेतो, पावनं. मला बंदूक देऊन देशाचं काय भलं हुनार?" त्यांच्या घरातही कुणी फौजेत नाही. मग हे वेड आलं कुठून, तर गिरणीतून. त्यांच्या गावात मुलगा सुट्टी संपवून परत निघायचा असला की आई हरभऱ्याची डाळ भाजून लाडवाच्या बेसनासाठी दळायला आणते. डाळ गिरणीत आली की साडूंना कळे, आता एकजण निघाला. बाप मोटारीची चौकशी करायच्या आधी, बायको पदर डोळ्याला लावायच्या आधी त्यांना कळे. असं त्यांनी पोरवयापासून पाहिलं आणि दळलं. एकदा मला म्हणाले, "आपल्याला कटाळा आला का आपुन गिरन बंद करतो आन् घरला येतो. त्यांना कटाळा आला तर त्येंनी कुठं जायाचं?" देशभक्तीवरची भाषणं मी पुष्कळ ऐकलीत, पण मला एवढंच एक समजलं आहे.

तर या वेडाच्या भरात त्यांनी गिरणीच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलं: फौजींचं दळण आधी. इथून पुढं सगळा घोळ झाला. गिरणीचा एक धर्म असतो. एका जातीच्या धान्याची दळणं ओळीनं घ्यायची. गहू संपले की ज्वारी, मग बाजरी, कारण दगडाच्या पोटात आधीचं पीठ थोडं राहतंच. साडूंनी हा धर्म बुडवला. गव्हाची ओळ चाललेली असताना एखादे निवृत्त हवालदार बाजरीचा डबा घेऊन दारात दिसले की साडू पट्टा थांबवत, बाजरी आधी घेत आणि पाठोपाठ पुन्हा गहू ओतत. गावातल्या चपात्या करड्या व्हायला लागल्या. एका बाईनं चपातीच आणून दाखवली. "आवं भावजी, ही बगा तुमची देशसेवा! पावन्यांनी इचारलं, घरात सुतक हाय का?" साडू म्हणाले, "वयनी, बाजरी अंगाला चांगली." सहा महिन्यांत गावात सात घरघंट्या आल्या. माझी मेव्हणी कपाळाला हात लावून म्हणाली, "दाजी, ह्यांना सांगा, ही गिरन हाय, छावनी न्हवं." मी काय सांगणार? मला मजाच वाटत होती.

रविवारी सकाळी मात्र साडूंची खरी पंचाईत व्हायची. त्या दिवशी सगळेच माजी सैनिक एकदम येत. पंधरा डबे, आणि पंधराही आधी. भिंतीवर तर स्वतःच्या हातानं लिहिलेलं. तेव्हा साडूंनी ठरवलं की फौजींतही क्रम लावायचा. ज्यानं जास्त सोसलं त्याचं आधी. निवृत्त सुभेदार होते एक, त्यांचा नंबर पहिला, त्यात कुणाचं दुमत नव्हतं; बर्फात त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेलेली, आणि गावातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस तोच. बाकीच्यांची साडू चौकशी करत, अगदी मनापासून. लढाईत हुता का? बर्फात हुता का वाळवंटात? किती वर्सं? मग खडूनं डब्याच्या झाकणावर आकडा घालत. त्या रविवारी मीही तिथं बाकड्यावर बसलो होतो.

रांगेत एक म्हातारे होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. सत्तरी उलटलेली, अंगानं काटक, सायकलच्या कॅरेजला बाजरीचा डबा, त्यावर फडकं घट्ट बांधलेलं. साडूंनी टोपी काढली, टाचा जुळवल्या आणि विचारलं, "आबा, तुमी कुठं हुता?"

"लंगरात, लेका," आबा म्हणाले. "पलटनीचं जेवान करायचो आमी."

"म्हंजे कवा गोळीबार, चकमक...?"

"न्हाई बा. रोट्या."

दोघं-तिघं हसले. वाईट हेतूनं नव्हे, आबांच्या सांगण्याची ढबच तशी होती. मीही हसलो, हे मला लिहिलं पाहिजे. साडू हसले नाहीत. त्यांनी आबांना स्टूल आणून दिलं, पाणी दिलं, आणि फडकं सोडून झाकणावर पंधरा आकडा घातला. आबांनी तो आकडा वाकून वाचला आणि "बरं" म्हणाले. त्यांचं दळण होईपर्यंत बारा वाजले.

पुढच्या रविवारी आबांचा डबा फौजींच्या रांगेत नव्हता, बायकांच्या साध्या ओळीत होता. साडूंच्या ते लक्षात आलं नाही. त्यानंतर आबांची सून दळण घेऊन यायला लागली. ती मुकाट्यानं ओळीत उभी राहायची आणि सासरे फौजी आहेत असं कधी म्हणायची नाही. तेही साडूंच्या लक्षात आलं नाही. फौजी दिसला की ताडकन उठणाऱ्या माणसाला एक फौजी दिसेनासा झालेला कळला नाही, कारण त्यांची नजर येणाऱ्यांवर होती.

कळलं ते पंधरा ऑगस्टला. त्यांच्या गावात शाळेच्या पटांगणात झेंड्याच्या उजव्या हाताला एक लांब बाक माजी सैनिकांसाठी मांडतात. आबा दरवर्षी त्यावर तिसरे बसायचे. इस्त्रीचा पांढरा सदरा, त्यावर नोकरीत मिळालेलं पदक. त्या दिवशी तिसरी जागा रिकामी होती. साडूंनी मान वळवून पाहिलं तर आबा पार मागं, कडुनिंबाखाली गावकऱ्यांत उभे. सदरा तोच, पदक नाही. झेंडावंदन झाल्यावर साडू धावत गेले.

"आबा, हितं का? बाकड्यावर चला की."

"न्हाई रं. ती जागा त्यांची," आबा म्हणाले. "मी काय, रोट्या लाटल्या."

"आवं पन आजवर बसत हुता न्हवं?"

"आजवर कुनी इचारलं न्हवतं, म्हणून बसत हुतो," आबा म्हणाले. "तू इचारलंस. मग मीबी इच्यार केला. तुझं बरूबर हाय, गड्या."

यात राग नव्हता, टोमणा नव्हता. राग असता तर साडूंनी पाय धरून मिटवला असता. माणसाला खरंच पटलं होतं की आपण इतकी वर्षं दुसऱ्याच्या जागेवर बसलो. साडू तसेच एस.टी.त बसून माझ्या दुकानात आले. अंगावर झेंडावंदनाचे स्वच्छ कपडे, चेहऱ्यावर पीठ नाही, त्यामुळं मी आधी ओळखलंच नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले आणि मग म्हणाले, "पावनं, मी एका मानसाला फौजेतनं काडून टाकलं."

मी समजूत घातली की एवढं काय मनाला लावून घ्यायचं, म्हातारं माणूस आहे, विसरेल. पण बोलता बोलता मला ते पंधरा आकड्याचं झाकण आणि माझं हसणं आठवलं.

त्यानंतरच्या रविवारी साडूंनी सुभेदारांना गिरणीत सगळं सांगितलं. सुभेदार ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "उपाशी लढलो व्हय आमी?" आणि आपला एक नंबरचा डबा उचलून त्यांनी ओळीच्या शेवटी नेऊन ठेवला. त्यांना चालताना काठी लागते, तरी डबा दुसऱ्याला उचलू दिला नाही. साडू मला पुढं कितीदा तरी म्हणाले, की मी गिरणीवाला, जन्मभर पिठात उभा. हे मला दुसऱ्यानं सांगायला लागावं?

मग आबांच्या दारी खेपा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला साडू शाल आणि नारळ घेऊन गेले. आबांनी शाल घडी मोडूनही पाहिली नाही. "सुभेदाराला दे, त्यांच्या पायाला थंडी बाधती," म्हणाले, आणि चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्या खेपेला साडूंनी हात जोडून माफी मागितली आणि मागता मागता त्यांचे डोळे भरले, तर आबाच त्यांची समजूत काढत बसले. "आरं येड्या, तू काय वावगं बोललास? रडतुयास कशापायी?" पुन्हा चहा. ज्याचा अपराध केला त्यानंच पाठीवरून हात फिरवावा, यासारखी शिक्षा नाही. साडूंचं जेवण तुटलं. मेव्हणीचा फोन आला, "दाजी, तुमी या. हे गिरनीत नुसतं उभं ऱ्हात्यात. काल ज्वारीच्या डब्यात गहू दळून दिलं."

तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो. दुपारचे बारा वाजलेले. आबा ओसरीवर बसले होते, सून आत. साडूंनी टोपी काढली, हातात फिरवत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा माफी, पुन्हा रडं, पुन्हा चहा. पण साडू एकदम म्हणाले, "आबा, भूक लागलीया."

हे त्यांनी ठरवून म्हटलं की सकाळपासून खरंच पोटात काही नव्हतं म्हणून निघून गेलं, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. आबांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. आतून सून म्हणाली, "बसा, लगीच टाकते भाकरी." आबा उठले. "तू ऱ्हाऊ दे, सूनबाई," म्हणाले. "कणीक कुठं हाय?"

सून दारातच थबकली. फौजेतून परत आल्यापासून आबांनी घरात कधी तव्याला हात लावला नव्हता. घरात बायकामाणूस असताना पुरुष पोळपाटाशी दिसला तर गाव बाईलाच बोल लावतं, म्हणून आधी बायकोनं आणि मग सुनेनं त्यांना तिकडं फिरकू दिलं नव्हतं. त्यांच्या हातचं त्या घरातही कुणी खाल्लेलं नव्हतं. आबांनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं आणि साडूंकडं वळून म्हणाले, "दगडाला टाकी लावाय झालीया तुझ्या. धार गेलीया, पीठ ठसर, भरड येतंय." साडूंचा चेहरा असा उजळला की जणू कुणी बक्षीस दिलं. "व्हय आबा, उद्याच लावतो," म्हणाले.

आम्ही तिघं माणसं आणि सून. आबांनी परात भरून कणीक मळली. सून हळूच म्हणाली, एवढी कशाला? आबा मळता मळता म्हणाले, "थोडी मळायचं हातालाच ठावं न्हाई, पोरी." मग गोळे झाले तेव्हा ते मोजून आबा स्वतःच हसले आणि मला म्हणाले, "पावनं, सुभेदाराला बलवा. आन् दिसंल त्याला." मी सुभेदारांना घेऊन आलो, वाटेत शेजारचे दोघं भेटले तेही आले. ओसरीवर ओळ बसली. घरात आमटी होती, कांदा फोडला. आबा उभ्यानं लाटत होते, एक तव्यावर, एक जाळावर, एक हातात. आणि तिघांचा स्वयंपाक करणाऱ्या माणसाला कधीच जमणार नाही अशा चालीनं आत-बाहेर करत वाढत होते. कुणाला काही विचारत नव्हते. ताटाकडं बघायचे आणि रोटी पडायची. सुनेलाही त्यांनी ओळीत बसवलं. सासऱ्याच्या हातची गरम रोटी ताटात पडली तेव्हा मोडायच्या आधी तिनं ती दोन्ही हातांत धरून पाहिली.

सुभेदार म्हणाले, "मीठ बरूबर हाय, आबा."

आबांनी हातातली रोटी सुभेदारांच्या ताटात टाकली. "आमच्या पलटनीत कोन उपाशी झोपलं न्हाई," ते म्हणाले. "सतरा वर्सं."

"आमच्याबी न्हाई," सुभेदार म्हणाले आणि खाली मान घालून जेवायला लागले.

मी साडूंकडं पाहिलं. आता हा उठणार, टाचा जुळवणार आणि ते वाक्य म्हणणार, अशी मला धास्ती होती. साडू उठले नाहीत. त्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी नुसतं ताट पुढं केलं आणि म्हणाले, "आबा, आनखी एक." असं ते नऊ वेळा म्हणाले. एरवी दीड भाकरीचा माणूस. त्या रात्री मी कोरेगावला परतल्यावर पोटाच्या गोळ्या कुणाबरोबर तरी पाठवल्या, आणि दोन दिवस गिरणी बंद राहिली.

तिसऱ्या दिवशी गिरणी उघडली ती दगडाला टाकी लावून. झाकणांवरचे आकडे गेले. सुभेदारांनी सगळ्या फौजींच्या वतीनं सांगून टाकलं की गव्हाला गहू आणि बाजरीला बाजरी, तुझी ओळ तू मोडू नको. गावातल्या चपात्या पुन्हा पांढऱ्या झाल्या. विकत घेतलेल्या घरघंट्या काही परत गेल्या नाहीत. साडू अजूनही फौजी दिसला की उठतात, टोपी काढतात, ते वाक्य म्हणतात. फक्त पुढं एक अक्षर विचारत नाहीत. आबा आता स्वतः दळण आणतात, जिथं ओळ संपते तिथं डबा ठेवतात आणि पीठ चिमटीत घेऊन बघितल्याशिवाय जात नाहीत. पण साडूंचा जीव त्यानं थाऱ्यावर आला नव्हता. रोट्या खाल्ल्या, ते झालं. आबा बाकावर परत बसणार का, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारूनच तर सगळं झालं होतं.

सव्वीस जानेवारीला मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं तेव्हा फोन आला. पलीकडं लांबून लाउडस्पीकरचा आवाज, पोरांचा गोंगाट. मी दोन वेळा हॅलो हॅलो केलं.

"बसलं," साडू म्हणाले.

"कोण? आबा?"

"व्हय. आधी निंबाकडं चालले हुते. सुभेदार बाकड्यावर जरा सरकलं. बोललं न्हाईत काय, बगितलंबी न्हाई, नुसतं सरकलं. मग आबा आलं. पार टोकाला बसलं, पावनं, निम्मं भायेर. पन बसलं."

"पदक होतं?"

"लांबनं दिसलं न्हाई मला. डोळ्यात पानी हुतं."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "जाऊन भेटला नाहीत?"

"न्हाई," साडू म्हणाले. "गिरन उगडाय आलो."